फ्रेंच हॉर्न आणि मेलोफोन: लाल कोटातील दोन वाद्ये, दोन नोकऱ्या

वॉशिंग्टनमध्ये मरीन कोर या अमेरिकी सैन्यदलाच्या बराकीत उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी संचलन होते, आणि त्यात लाल कोट घातलेले दोन वाद्यवृंद एकामागोमाग मैदानावर येतात. त्यांपैकी एक म्हणजे 1798 साली अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, कायद्याने स्थापन झालेला मरीन बँड, ज्याला ‘द प्रेसिडेंट्स ओन’ म्हणतात. दुसरा म्हणजे मरीन ड्रम अँड ब्यूगल कोर, ‘द कमांडंट्स ओन’ (कमांडंट म्हणजे मरीन कोरचा प्रमुख). ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्यामधला स्वरपट्टा पहिल्यात प्रामुख्याने फ्रेंच हॉर्न सांभाळतो, दुसऱ्यात मेलोफोन. दोन्ही वाद्ये पितळी, दोन्हींचे तोंड रुंद पसरलेले आणि दोन्हींचा आवाज मध्यम सप्तकातला, त्यामुळे मेलोफोन म्हणजे चालताना वाजवायचा हॉर्न, असे सहज समजले जाते. हा समज पुरता चुकीचा नाही, पण सैनिकी बँडमध्ये नोकरी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो महागात पडू शकतो, कारण या दोन वाद्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे.

हा फरक नळीच्या लांबीपासून सुरू होतो. एफ (F) या पाश्चात्त्य स्वरातील हॉर्नची गुंडाळलेली नळी उलगडली तर ती सुमारे 3.7 मीटर भरते. एफ स्वरातील मेलोफोनची नळी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 1.8 मीटर असते. पितळी वाद्यात ओठांचा ताण बदलून एकाच नळीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर काढता येतात, आणि या मालिकेत वर जावे तसे शेजारच्या स्वरांमधले अंतर कमी होत जाते. मध्य सप्तकातला एफ हा स्वर हॉर्नवर या मालिकेतला आठवा येतो, तर मेलोफोनवर चौथा. त्या एफला षड्ज मानले, तर व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणारी झडप, न दाबता हॉर्नवर त्याच्या लगेच वरचा स्वर शुद्ध रिषभ असतो आणि मेलोफोनवर शुद्ध गांधार. म्हणजेच तोच स्वर वाजवताना मेलोफोनवादकाच्या ओठांना चुकण्यासाठी बरीच अधिक जागा मिळते, तर हॉर्नवादकाला स्वर सुरू होण्यापूर्वीच तो कानात अचूक ऐकावा लागतो. वाद्यवृंदात अनुभवी हॉर्नवादकाचाही एखादा स्वर फुटतो, याचे मुख्य कारण हेच आहे, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ही अडचण कमी करण्यासाठीच दुहेरी हॉर्न घडला. 1897 च्या सुमारास जर्मनीतील एरफुर्ट येथील क्रुस्पे कारखान्याने एफ आणि त्याहून आखूड, सुमारे 2.75 मीटरची बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात बसवल्या. अंगठ्याखालील व्हॉल्व्हने वादक एका नळीवरून दुसरीवर जातो, आणि वरचे स्वर बहुधा बी-फ्लॅट बाजूवर घेतो, कारण तेथे शेजारचे स्वर थोडे दूर असतात. आज व्यावसायिक वादकाच्या हातात सहसा दुहेरी हॉर्नच दिसतो. त्याची नळी गुंडाळण्याच्या पद्धतींपैकी दोन विशेष रूढ आहेत: क्रुस्पे यांची आणि शिकागोचे कारागीर कार्ल गायर यांची. क्रुस्पे घडणीचा आवाज भरदार आणि गडद मानला जातो, गायर घडणीचा अधिक मोकळा आणि चपळ. मात्र ही निवड वादकाच्या पसंतीची आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांशी आवाज जुळवण्याची असते. मेलोफोन आणि हॉर्न यांच्यातील अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे.

कोणता हात कोठे असतो, ही ओळखीची सर्वांत सोपी खूण. हॉर्नवर व्हॉल्व्ह डाव्या हाताने दाबतात, कारण 1810 च्या दशकात श्टोल्झेल आणि ब्ल्युमेल यांनी व्हॉल्व्ह विकसित केले, त्याआधी हॉर्नवादक उजवा हात वाद्याच्या तोंडात घालून स्वर वर-खाली करत असत, आणि तो हात आजही तेथेच आहे. तो आवाजाला गोलाई देतो, स्वर जुळवतो आणि वाद्य तोलूनही धरतो. मेलोफोनचे व्हॉल्व्ह उजव्या हाताने दाबतात, ते ट्रम्पेटसारखे वरून खाली जाणारे असतात आणि वाद्याच्या तोंडात हात नसतो. जुन्या छायाचित्रांत ही खूण फार उपयोगी पडते, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा मेलोफोन गोल गुंडाळलेला आणि मागे तोंड असलेला, म्हणजे दिसायला जवळजवळ हॉर्नच होता. 1960 च्या सुमारास कॉन कंपनीने पुढे तोंड असलेला मेलोफोनियम बनवला आणि स्टॅन केंटन यांनी तो आपल्या जॅझ वाद्यवृंदात वापरला. आजचे संचलनातले रूप त्याच दिशेने विकसित झाले.

तोंड पुढे असण्याला व्यावहारिक कारण आहे. हॉर्नचा आवाज मागे जातो आणि सभागृहाच्या भिंतींवरून परतून श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. त्याचे मऊपण काही अंशी त्या परतीच्या प्रवासातूनच येते. उघड्या मैदानावर भिंत नसल्यामुळे तो आवाज पाठीमागच्या रांगेला ऐकू येतो आणि समोरच्यांना कमी. शिवाय प्रत्येक पावलाचा धक्का माउथपीसमधून, म्हणजे ओठ टेकवायच्या तुकड्यातून, ओठांपर्यंत जातो, आणि जवळजवळ असलेल्या स्वरांच्या वाद्यावर तो विशेष जाणवतो. तरीही हॉर्न चालताना वाजवता येतच नाही असे नाही: लंडनच्या ट्रूपिंग द कलर संचलनात गार्ड्स रेजिमेंटांच्या बँडमधील हॉर्नवादक चालत वाजवतातच. मार्चच्या रचनेतही हॉर्नचे काम बहुतांशी ट्यूबाने, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांच्या पितळी वाद्याने, पकडलेल्या मुख्य ठोक्यांच्या मधले ठोके भरण्याचे असते. जॉन फिलिप सूझा 1880 ते 1892 या काळात मरीन बँडचे प्रमुख होते. त्यांच्या मार्चमध्ये हे मधले ठोके लक्ष देऊन ऐकावेत. ते कंटाळवाणे भासतात, पण सगळ्या मार्चची चाल त्यांच्यावरच टिकते.

माउथपीसचा मुद्दा थोडक्यात सांगतो. हॉर्नचे खोल व नरसाळ्यासारखे, मेलोफोनचे वाटीसारखे आणि ट्रम्पेटच्या वळणाचे असते. जोडतुकडा लावून हॉर्नचे माउथपीस मेलोफोनवर बसवता येते, पण मग स्वर जुळवणे कठीण होते. ज्यांना आपली ओठांची ठेवण बिघडू द्यायची नाही, त्यांच्यासाठी पुढे तोंड असलेला, हॉर्नचेच माउथपीस घेणारा बी-फ्लॅट मार्चिंग हॉर्न हा वेगळा पर्याय आहे.

आता नोकरीचा प्रश्न. ‘द प्रेसिडेंट्स ओन’मध्ये निवड झालेल्या हॉर्नवादकाला मरीनच्या प्राथमिक लष्करी प्रशिक्षणाला जावे लागत नाही, तो थेट स्टाफ सार्जंट या हुद्द्यावर भरती होतो आणि त्याचा करार केवळ या बँडपुरता असतो, त्यामुळे दुसरीकडे बदली होत नाही. ‘द कमांडंट्स ओन’मधील मेलोफोनवादक मात्र आधी मरीन होतो: इतर रिक्रूटांप्रमाणे ते प्राथमिक प्रशिक्षण, म्हणजे बूट कॅम्प, पूर्ण करतो आणि मग वाद्य हाती घेतो. हे वाद्यही साध्या एफ मेलोफोनपेक्षा निराळे, कारण या पथकाची परंपरा ‘जी’ (G) या स्वरातील दोन व्हॉल्व्हच्या ब्यूगलांची आहे. मरीनचे इतरही बँड आहेत. त्यांतील वादकही बूट कॅम्पमधून जातात आणि नंतर व्हर्जिनियातील लिटल क्रीक येथील संगीत शाळेत शिकतात.

म्हणून शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन उत्तम वाजवणाऱ्या मुलाने आपण मरीन बँडच्या वाटेवर आहोत असे धरून चालू नये. तेथील हॉर्नच्या ऑडिशनमध्ये वाद्यवृंदाच्या संगीतातील कठीण तुकडे दुहेरी हॉर्नवर वाजवून दाखवावे लागतात, आणि त्यांची तयारी सभागृहातच होते. शिवाय तेथे रुजू झालेले अनेक वादक 20 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनापर्यंत आणि त्याहूनही पुढे टिकून राहतात, त्यामुळे हॉर्नची जागा क्वचितच रिकामी होते, आणि झाली की संगीताची पदवी घेतलेले वादक देशभरातून त्या एका खुर्चीसाठी येतात.