मारिओची उडी न्यूटनला का जुमानत नाही

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममधला छोटा मारिओ एका विटेएवढा उंच आहे आणि उभ्या जागेवरून तो चार विटा वर उडतो. हे अचाट आहेच, पण त्याहून विचित्र गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उडीचं बटण दाबून धरलं, तर वर पोचायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो आणि तेवढंच अंतर खाली यायला सुमारे एक तृतीयांश सेकंद. आपण चेंडू वर फेकला, तर चढायला लागणारा वेळ आणि त्याच उंचीवरून हातात परत यायला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो. मारिओच्या जगात तसं होत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षण एक नसून दोन आहेत.

शिगेरू मियामोटो, ताकाशी तेझुका आणि प्रोग्रॅमर तोशिहिको नाकागो यांच्या चमूचा हा गेम १९८५ साली निन्तेन्दो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी आला. त्याच्या कोडमध्ये उडीचे आकडे स्वच्छ दिसतात. उभ्याने मारलेल्या उडीत मारिओ दर फ्रेमला ४ पिक्सेल या वेगाने सुटतो. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका आणि फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; एका सेकंदात अशा ६० फ्रेम. बटण दाबलेलं असेपर्यंत प्रत्येक फ्रेमला त्याच्या वेगातून पिक्सेलचा एक अष्टमांश वजा होत राहतो. वेग शून्यावर आला की हलकं गुरुत्वाकर्षण संपतं आणि त्याच्या साडेतीन पट जड असं दुसरं लागू होतं. शाळेतलं v²/2g सूत्र लावून बघा (v म्हणजे सुटतानाचा वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षण): १६ भागिले पाव, म्हणजे ६४ पिक्सेल. एक वीट १६ पिक्सेलची, म्हणजे बरोबर चार विटा.

खरी गंमत बटण सोडण्यात आहे. मारिओ वर जात असताना बोट उचललं, की जड गुरुत्वाकर्षण तिथल्या तिथे सुरू होतं आणि उडी मध्येच आखडते. बटण नुसतं टेकवलं तर लहान उडी, धरून ठेवलं तर मोठी. प्रत्यक्षात जमिनीवरून पाय सुटल्यावर कुणालाच आपल्या उडीची उंची बदलता येत नाही. इथे ती हवेत असतानाही ठरवता येते, आणि डावीउजवीकडे वळताही येतं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने हा पेपर तपासला तर भोपळाच मिळेल. तरीही चाळीस वर्षं लोक म्हणतायत की मारिओची उडी ‘बरोबर’ वाटते.

असं का वाटत असावं? माझं उत्तर असं आहे की या उडीच्या दोन भागांत खेळणाऱ्याचं काम सारखं नाही. वर जाताना तो निर्णय घेत असतो: अजून धरू की सोडू? खाली येताना निर्णयाचं फळ तेवढं मिळायचं असतं. न्यूटनशी इमान राखून दोन्ही भाग सारखे ठेवले, तर दर उडीत खाली येतानाही अर्धा सेकंद नुसतं बघत बसावं लागेल. नवखे लोक गेम बनवताना नेमकं हेच करतात. खरं गुरुत्वाकर्षण घालतात आणि मग पात्र फुग्यासारखं का तरंगतंय म्हणून डोकं खाजवतात.

हे सगळं गणित चालवायला हाताशी काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्‌झचा आणि कामाची मेमरी २ किलोबाइट. प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञासुद्धा नव्हती. म्हणून गुरुत्वाकर्षण म्हणजे फक्त बेरीज: वेगात ठरावीक आकडा मिळवा, मग जागेत तो वेग मिळवा, आणि पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच. पिक्सेलचे अपूर्णांकसुद्धा वेगळ्या बाइटमध्ये जपून ठेवलेले असतात, नाहीतर मारिओ पायऱ्या उतरल्यासारखा धक्के खात हलला असता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होता, त्यातल्या बहुतेकांनी फॅमिकॉम हे नावही ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातात तैवान-चीनकडून आलेल्या नकला होत्या. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असे आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. पण नकली यंत्रातही मूळचंच कोड चालत असल्याने उडी मात्र अस्सल मिळत होती. ‘कॉन्ट्रा’चे तीस जीव मिळवून देणारी वर-वर-खाली-खाली ही बटणांची माळ अनेकांच्या बोटांना आजही पाठ असेल.

त्या कंट्रोलरवरचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण गुन्पेई योकोई यांचं. १९८२ साली ते ‘डाँकी काँग’च्या हातात मावणाऱ्या ‘गेम अँड वॉच’ यंत्रावर आलं. प्लॅस्टिकचा तो एकच तुकडा मधल्या टेकूवर डोलतो. उजवी बाजू खाली गेली की डावी आपोआप वर उचलली जाते, त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जाण्याचा प्रश्नच येत नाही. अंगठ्याला कडा जाणवतात, म्हणून खाली बघावं लागत नाही. स्मार्टफोनच्या सपाट काचेने ही जाणीवच काढून घेतली. त्यामुळे काचेवर काढलेल्या बटणांनी प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे मारिओसारखे उड्या मारत पुढे जायचे गेम, खेळणं म्हणजे मला तरी शिक्षा वाटते. फोनवर जे गेम फोफावले, त्यांनी बहुतेकदा बटणंच कमी केली. २००९च्या ‘कॅनबाल्ट’मध्ये माणूस आपोआप धावतो, आपण फक्त उडी मारायची. २०१३च्या ‘फ्लॅपी बर्ड’मध्ये तर पडद्यावर कुठेही टिचकी मारली तरी चालतं.

उडी कशी असावी याचं उत्तर मात्र एकच नाही. १९८१च्या मूळ ‘डाँकी काँग’मध्ये मारिओचं नाव जंपमॅन होतं. त्याची उडी ठरलेल्या मापाची होती आणि जरा उंचावरून पडला की तो मरायचा. १९८६च्या ‘कॅसलव्हेनिया’त तर उडी सुटली की संपलं, हवेत दिशा बदलता येत नाही. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला वाटत नाही. तिथे दर उडीआधी थांबून विचार करावा लागतो, समोरून येणाऱ्या राक्षसाचा वेग मनात मोजावा लागतो आणि चुकलं तर त्याचं माप आपल्याच पदरात. त्या गेमची भीती उडीच्या याच हट्टीपणातून येते. त्याच्या नायकाला मारिओची उडी दिली, तर राक्षस तेच राहतील पण भीती जाईल.

आता दोन मितींकडे येऊ. बाजूने दिसणाऱ्या गेममध्ये पडदाही सपाट आणि जगही सपाट. उडीची सगळी कमान कागदावर काढल्यासारखी समोर दिसते, काहीही लपलेलं नसतं. पुढचा खड्डा तीन विटांचा आहे की चार, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही, दिसतं. पडणाऱ्या वस्तूबद्दल आपल्या मेंदूचे आडाखे मुळातच पक्के असतात. १९९८ साली ‘न्यूरोलॅब’ या अंतराळयान मोहिमेत जोसेफ मॅकइन्टायर आणि सहकाऱ्यांनी अंतराळवीरांना वरून येणारा चेंडू झेलायला लावला. तिथे चेंडू एकाच वेगाने येत होता, त्याचा वेग वाढत नव्हता. तरी अंतराळवीरांचे हात गरजेपेक्षा लवकर तयार होत होते, जणू चेंडू पृथ्वीवरच पडतोय. एवढा मुरलेला आडाखा असूनही मारिओचं खोटं गुरुत्वाकर्षण आपण दोन-चार उड्यांत पचवतो. ते रोज तसंच खोटं असतं आणि त्याची कमान सबंध बघायला मिळते, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. गुरुत्वाकर्षण कितीही चुकीचं असो, दर वेळी तेच असेल तर मेंदू ते शिकून घेतो.

तिसरी मिती आली की हे सोपं राहत नाही. त्रिमितीय जगाचं सपाट पडद्यावर चित्र करताना खोली हरवते. समोर दिसणारी फळी जवळची आणि लहान आहे, की लांबची आणि मोठी? एकाच चित्रामागे अशी कितीतरी जगं असू शकतात. १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ करताना निन्तेन्दोला यातून वाट काढावी लागली. त्यांनी मारिओच्या बरोबर पायाखाली गोल सावली ठेवली. ऊन कुठूनही येवो, सावली थेट खालीच पडते, कारण तिचं काम ऊन दाखवण्याचं नाही. मारिओ उतरेल कुठे, एवढंच तिने सांगायचं. योगायोग असा की त्याच वर्षी डॅनिअल कर्स्टन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये सावलीमुळे होणाऱ्या दृष्टिभ्रमाविषयी लिहिलं. वस्तू पडद्यावर जागची हलत नसताना फक्त तिची सावली सरकवली, तरी ती वस्तूच पुढेमागे सरकल्यासारखी दिसते. खोली ठरवताना मेंदू सावलीवर किती भिस्त ठेवतो, ते यातून कळतं.

शिवाय कॅमेरा कुठे बघतोय, हेही आता खेळणाऱ्यालाच सांभाळावं लागतं. थोडक्यात, त्रिमितीत लक्षाचा एक हिस्सा ‘मी कुठे आहे’ यातच खर्च होतो. सगळ्यांना ते आवडतं असं नाही. २००६ साली निन्तेन्दोने ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ हा पुन्हा बाजूने दिसणारा गेम आणला, तेव्हा त्याच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या. हा आकडा नुसत्या जुन्या आठवणींवर गाठता येत नाही, कारण घेणाऱ्यांत १९८५ नंतर जन्मलेली मुलंही भरपूर होती.

सपाट जगालाही मर्यादा आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे पडद्याची रुंदी. फॅमिकॉमचा पडदा २५६ पिक्सेल रुंद. पूर्ण वेगाने पळणारा मारिओ फ्रेमला अडीच पिक्सेल जातो, म्हणजे सेकंदाला दीडशे. तो पडद्याच्या मध्यापासून थोडा डावीकडे राहतो, तेव्हा उजव्या कडेला दिसलेलं संकट त्याच्यापर्यंत यायला पाऊण-एक सेकंद मिळतो. काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे बघायला, ठरवायला आणि उडायला पुरेसा वेळ उरतो.

हाच हिशोब १९९१च्या ‘सॉनिक’ला लावला की त्याची जुनी तक्रार समजते. सेगा कंपनीच्या यंत्राचा पडदा ३२० पिक्सेलचा आणि सॉनिक त्याच्या मध्यावर. पळण्याचा त्याचा सर्वोच्च वेग फ्रेमला ६ पिक्सेल, म्हणजे सेकंदाला ३६०. समोरचे १६० पिक्सेल संपायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नुसतं बोट हलण्यातच जातो. म्हणून भरधाव सॉनिक पहिल्या फेरीत काट्यांवर आपटतोच आणि रस्ता पाठ झाल्यावरच त्याचा आनंद मिळतो. वेग हेच त्या गेमचं आकर्षण, आणि त्याच वेगाला पडदा अपुरा पडतो.

आताचे द्विमितीय गेम बनवणारे हे सगळं पचवून पुढे गेले आहेत. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’च्या निर्मात्यांनी आपल्या नायिकेच्या हालचालींचं कोड सर्वांसाठी खुलं केलं. ते वाचताना तो गेम इतका कठीण असूनही अन्यायी का वाटत नाही, हे कळतं. कड्यावरून पाय सुटल्यानंतर एक दशांश सेकंदापर्यंत उडी मारायला परवानगी आहे. एसटी सुटायची वेळ झाल्यावरही धावत येणाऱ्यासाठी कंडक्टर क्षणभर दुसरी घंटी मारायचं टाळतो, तसंच हे. या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात, कड्याबाहेर जाऊनही क्षणभर हवेत उभ्या राहणाऱ्या कार्टूनमधल्या कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्यावरून. याशिवाय डोकं छताच्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं, तर गेम गुपचूप नायिकेला बाजूला सरकवतो. आणि उडीच्या माथ्यावर बटण धरलेलं असेल, तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते बघायला थोडी उसंत मिळते. मारिओच्या दोन गुरुत्वाकर्षणांच्या पंगतीला हे तिसरं.

खेळणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, आपण अगदी कडेवरून उडालो. माणसाच्या मनात कृती आणि परिणाम यांच्यातला वेळ तसाही आकसतो. पॅट्रिक हॅगार्ड यांनी २००२ साली दाखवलं की स्वतःहून बटण दाबल्यावर पाव सेकंदाने आवाज झाला, तर लोकांना त्या दोन गोष्टी प्रत्यक्षापेक्षा जवळ घडल्यासारख्या वाटतात. आपण केलं आणि झालं, ही भावना वेळेला थोडी मुरड घालते. सवलती खपून जातात, त्यात याचाही हातभार असू शकेल.

पण ही सवलत अमर्याद नाही, आणि तिच्यात सगळ्यात मोठी खोट घरातला नवा टीव्ही घालतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर सिग्नल आला की चित्र जवळजवळ लगेच उमटत असे. आजचे मोठे टीव्ही चित्र चकचकीत करण्यासाठी फ्रेम साठवून त्यांवर प्रक्रिया करत बसतात आणि मग दाखवतात. त्यात ठोक १०० मिलिसेकंद गेले असं धरा. म्हणजे तुम्हाला दिसणारी कड ही आधीच ओलांडलेली कड असते. डोळ्यांना अगदी वेळेवर वाटणारं बटण गेमच्या लेखी एक दशांश सेकंद उशिरा पोचतं, आणि ‘सेलेस्ट’ने दिलेली सगळी सवलत टीव्हीच खाऊन टाकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ नावाचा पर्याय असतो. तो सुरू केला की यातली बरीचशी प्रक्रिया बंद होते. रंग थोडे फिके दिसतील, पण उडी वेळेवर लागेल.