न दुखणारा पाय : वेल्लोरपासून घरच्या उंबऱ्यापर्यंत

रोज तळवा बघा, अनवाणी फिरू नका, मऊ तळाची चप्पल घाला. मधुमेहींना आज दवाखान्यात जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे मधुमेहाच्या अभ्यासातून आलेले नाही. ते कुष्ठरोगाच्या रुग्णालयांतून आले, आणि त्याचा मोठा भाग तमिळनाडूतल्या वेल्लोरला घडला.

तळव्याच्या खोल व्रणावर लंडनचे शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी १८८४ मध्येच उपाय लिहून ठेवला होता : व्रणाभोवतीचा जाड घट्टा थराथराने तासून काढायचा आणि पायाला पूर्ण विश्रांती द्यायची. १९२२ मध्ये इन्सुलिन आले. रुग्ण जगू लागले, पण अनेक वर्षांच्या मधुमेहाने बधिर झालेले पायही त्यांच्याबरोबर आले. बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये गँगरीनच्या (मांस मरून काळे पडण्याच्या) वाढत्या धोक्यावर लिहिले आणि रुग्णांना पाय रोज धुण्या-तपासण्याची शिस्त लावायला घेतली. तरीही ‘साखरेने पाय सडतो’ ही समजूत काही हटली नाही.

ती हलवली इंग्रज शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असे तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांना दिसले ते वेगळेच : बोटे झडत नव्हती, जखमी होत होती. गरम भांडे, खिळा, चावणारा बूट यांची वेदना पोहोचत नसल्याने माणूस जखमेवरच काम करत राही. रात्री उंदीर कुरतडून जात तरी झोपमोड होत नसे. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे दिली गेली. कुष्ठरोग असो वा मधुमेह, बधिर तळव्याचे गणितही असेच. एका पावलाने काही होत नाही. पण त्याच जागी हजारो पावले पडली की आतले मांस सुजते, गरम होते आणि शेवटी फुटते. निरोगी माणूस नकळत लंगडतो, पावलाचा भार बदलतो. बधिर पाय तसाच पडत राहतो.

व्रणाच्या पायाला तळव्याला घट्ट बसणारे प्लास्टर घालून भार पसरवण्याची रीत भारतात कुष्ठरोग्यांसाठी १९३० च्या दशकातच वापरली गेली होती. ब्रँड यांनी ती रुजवली आणि १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात नेली. तिथून ती मधुमेहींपर्यंत पोहोचली. बधिरता मोजणारा १० ग्रॅमचा नायलॉनचा धागाही कार्व्हिलच्याच कामातून प्रमाण ठरला. तो आधी हातावर टेकवून दाखवतात. मग रुग्णाने डोळे मिटल्यावर तळव्यावर काटकोनात, जेमतेम वाकेपर्यंत, एक-दोन सेकंद टेकवतात. घट्ट्यावर मात्र नाही. तिथे निरोगी माणसालाही कळत नाही.

मधल्या काळात एका चुकीच्या समजुतीने बरेच पाय घालवले. १९५९ च्या एका संशोधनानंतर असे धरले गेले की मधुमेहात पायाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्याच बंद होतात, मग शस्त्रक्रिया करून उपयोग काय? प्रत्यक्षात अडथळा बहुधा गुडघ्याखालच्या मोठ्या धमन्यांत असतो आणि तो उघडता किंवा वळसा घालून ओलांडता येतो. हे १९८४ मध्येही ठणकावून सांगावे लागले. आजही काळे पडलेले बोट कापण्याआधी रक्तपुरवठा तपासला का, हे विचारायलाच हवे.

१९८९ च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी गँगरीनमुळे होणारी अवयवच्छेदने पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे ठरवले. आपल्याकडे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रम चालवला. त्यात डॉक्टर आणि नर्स अशी जोडी एकत्र प्रशिक्षण घेई. हे शहाणपणाचे होते, कारण घट्टा तासणे आणि ड्रेसिंग करणे, शिवाय चप्पल बघणे ही कामे डॉक्टरच्या पाच मिनिटांत बसत नाहीत.

मग अडते कुठे? पहिली अडचण म्हणजे दुखतच नाही. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि माणूस समजतो की पाय ठीक आहे. दुसरी अडचण घरगुती उपाय. मुंग्या येतात म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणे, कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर कॉर्न कॅप लावणे. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असते. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही. पाण्याचा ताव पायाने नाही, कोपराने बघावा.

तिसरी अडचण अनवाणीपणाची. नवरात्रातले अनवाणी व्रत, वारी, उन्हाने तापलेले देवळाचे अंगण ही कारणे सर्वांना माहीत आहेत, पण घर विसरले जाते. नेदरलँड्समध्ये १०७ रुग्णांवर केलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसले की खास बूट बाहेर चालताना सुमारे ८७ टक्के पावलांना पायात होते, घरात ६१ टक्के. आणि पावले घरातच जास्त पडत होती! घरात बूट घालणे जिथे वावगे नाही त्या देशाची ही गत, तर चप्पल उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या आपल्या घरांचे काय सांगावे. म्हणून घरात वापरायचा जोड वेगळा ठेवणे हा, आमच्या मते, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे.

त्यातही एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक हवेच्या कप्प्यांचे मऊ रबर) च्या चपलेला कुष्ठरोगाचा शिक्का चिकटलेला. ‘ती महारोग्यांची’ म्हणून लोक नाकारतात. आता ती साध्या सँडलसारखी दिसेल अशी बनते. निवडताना पाहायचे ते असे : आत मऊ एमसीआर, खाली काटा न घुसणारा कडक तळ, कुठेही खिळा नाही, टाचेमागे पट्टा आणि सैल-घट्ट करता येणारे वेल्क्रो. अंगठ्याची चप्पल नको, कारण तिला बोटांनी धरून ठेवावे लागते आणि पट्टा बोटांमध्ये घासतो. नवा जोड पहिल्या दिवशी अर्धा तासच घालावा, मग पाय बघावा. २० मिनिटांनीही लाली उतरली नाही तर तो जोड बदलायचा. एमसीआर दाबून पुन्हा फुगत नसेल तर तळ संपला.

धागा घरी नसतो. त्यासाठी इंग्लंडच्या इप्सविचमधून २०११ मध्ये आलेली चाचणी आहे : डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना घरच्या कोणी बोटाच्या टोकाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही, तर दवाखान्यात पाय दाखवायला जायचे, जखम नसली तरी.