कुलूप रस्त्याला असतं

"अगं, वर पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग कसली भीती?" मामा म्हणाले. ते लॅपटॉपवर विजेचं बिल भरत होते आणि त्या सरकारी छापाच्या पानावर खालून एक पिवळी पट्टी डोकावत होती : बुटांवर घसघशीत सवलत. वीजबिलाच्या पानावर बूट कुठून आले, याचं मामांना काही नवल वाटलं नव्हतं. कधीतरी 'कूपन शोधून देणारं' एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, त्यांनी टाकलं होतं, आणि ते इमानेइतबारे प्रत्येक पानावर हजर होत होतं.

कुलूप खोटं नसतं. ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामधल्या वाटेवर मजकूर सांकेतिक रूपात जातो, एवढंच ते सांगतं. पण पाकीट पोचल्यावर फोडावंच लागतं, आणि ते फुटतं ब्राउझरमध्ये. एक्स्टेंशन तिथेच, तुमच्या खांद्यामागे उभं असतं. लोक या कुलपाचा भलताच अर्थ लावतात म्हणून गूगलने 2023 मध्ये क्रोमच्या पत्तापट्टीतून ते काढूनच टाकलं. मामांच्या ब्राउझरमध्ये ते अजून आहे.

एक गंमत करून बघा. लॉगिनच्या पानावर काहीतरी खोटा पासवर्ड टाइप करा. ठिपके दिसतील. त्या चौकटीवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा आणि जिथे टाइप म्हणून 'पासवर्ड' लिहिलंय तिथे 'टेक्स्ट' लिहा. ठिपक्यांची अक्षरं होतात! ठिपके फक्त शेजारी बसलेल्या माणसासाठी असतात. पानाच्या पोटात अक्षरं उघडीच असतात. ज्या एक्स्टेंशनला 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी आपण देऊन बसलोय, त्याला हे वाचायला कोडच्या दोन ओळी पुरतात.

"पण ओटीपी येतो की!" येतो, दारात. ओटीपी जुळला की साइट तुमच्या ब्राउझरला एक कुकी, म्हणजे ओळखीची छोटीशी नोंद, देते. नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाताना हातावर शिक्का मारतात ना, तशी. मग प्रत्येक पान उघडताना साइट फक्त शिक्का बघते, माणूस नाही. एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटच्या कुकीत डोकावता येत नाही. ही भिंत नेटस्केप या जुन्या ब्राउझरने 1995 मध्येच बांधली. पुढे 'एचटीटीपी-ओन्ली' कुकी आली, ती तर खुद्द त्या पानावर चालणाऱ्या कोडला, जावास्क्रिप्टलाही दिसत नाही. एक्स्टेंशन मात्र पानाचा भाग नसून ब्राउझरचा भाग असतं. कुकीची परवानगी असेल तर त्याला दोन्ही भिंती लागू नाहीत. शिक्का उचलायचा, दूरच्या संगणकावर उमटवायचा, आणि साइटच्या लेखी तुम्हीच आत आलात.

2024 च्या नाताळात नेमकं हेच झालं. सायबरहेवन ही कंपनी माहितीची गळती रोखण्याचंच काम करते. तिच्या एका कर्मचाऱ्याला 'तुमचं एक्स्टेंशन स्टोअरचे नियम मोडतंय' अशी बनावट मेल आली, त्याने परवानगीच्या बटणावर क्लिक केलं आणि हल्लेखोरांनी कंपनीच्या एक्स्टेंशनची 24.10.4 ही विषारी आवृत्ती क्रोमच्या स्टोअरवर चढवली. फेसबुकच्या कुकी हे मुख्य भक्ष्य. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. अपडेट आपोआप येतं, आणि त्याला नवी परवानगी लागत नसेल तर ब्राउझर तुम्हाला विचारतही नाही.

कधी चोरीचीही गरज नसते, विकत घेता येतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे रिकामे टॅब झोपवणारं गुणी एक्स्टेंशन, 20 लाखांवर लोक वापरत. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते अज्ञात मालकाला विकलं. पुढच्या आवृत्तीत बाहेरून कोड आणण्याची सोय निघाली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते हटवलं. तोवर नाव तेच, चित्र तेच, जुने पाच तारेही तेच.

खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, त्याला माझी हरकत नाही. 'एका क्लिकमध्ये संपूर्ण सुरक्षा' देणाऱ्या एक्स्टेंशनला आहे. कारण त्यालाही तीच सर्वाधिकाराची परवानगी हवी असते.

मामांच्या यादीत अकरा एक्स्टेंशनं निघाली. नऊ उडवली. जाहिराती अडवणारं ठेवलं, आणि शब्दकोशाच्या एक्स्टेंशनला 'क्लिक केल्यावरच' एवढीच मुभा दिली. बँकेसाठी वेगळं प्रोफाइल केलं, त्यात एकही एक्स्टेंशन नाही. (क्रोमची इन्कॉग्निटो खिडकीही चालते, तुम्ही मुद्दाम मुभा दिली नसेल तर तिथे एक्स्टेंशनं बंद असतात.) मात्र एक्स्टेंशन काढलं तरी आधी उचललेला शिक्का पुसला जात नाही. म्हणून मेलमध्ये जाऊन 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' केलं.

त्यानंतर मामांना पासवर्ड आठवेना. मामींनी देव्हाऱ्याखालच्या खणातून वही काढून दिली.