तुटलेल्या नर्व्हला वाढायचा निरोप कोण देतं?

काच लागून किंवा बाईकच्या अ‍ॅक्सिडेंटमध्ये हाताची नर्व्ह तुटली की ऑपरेशननंतर डॉक्टर एक आकडा हमखास सांगतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. नवीन तंतू त्या वेगाने पुढे सरकणार, म्हणजे कोपराजवळ तुटली असेल तर पंजापर्यंत पोचायला आठ-दहा महिने, आणि तोवर पंजातले स्नायू वाळत जातात. घरच्यांना वाटतं टाके नीट पडले म्हणजे काम झालं. पण टाके फक्त दोन टोकं जवळ आणतात, तंतूने वाढायचं की नाही, कुठल्या दिशेला आणि किती दिवस, हे ठरतं प्रोटीनच्या सिग्नलवर, आणि हे सिग्नल कायम चालू राहत नाहीत. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते आणि ती कळायला माणसाला किती वर्षं लागली ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात १८५० ची. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या डॉक्टरने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नर्व्ह कापल्या आणि पुढे काय होतं ते मायक्रोस्कोपखाली बघितलं. कापलेल्या जागेच्या पुढचा भाग, म्हणजे पेशीच्या मुख्य शरीरापासून तुटलेला, तो काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरघळून गेला आणि मागचा भाग जिवंत राहिला. आजही याला वॉलरियन डिजनरेशनच म्हणतात. त्या वेळी सगळ्यांना वाटलं की साहजिक आहे, पोषण तुटलं म्हणून मेला. ही समजूत जवळजवळ १४० वर्षं टिकली आणि चुकीची निघाली, त्यावर पुढे येतोच.

मग स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल. १८९० मध्ये त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूचं टोक, ज्याला ग्रोथ कोन म्हणतात, ते ओळखलं होतं, आणि १९०६ चं नोबेल मिळाल्यावरही हा माणूस थांबला नाही, तुटलेल्या नर्व्हवर वर्षानुवर्षं काम करून १९१३-१४ मध्ये दोन मोठे खंड छापले. तेव्हा एक वाद जोरात होता, काही लोक म्हणत होते की नवीन तंतू पुढच्या तुटक्या भागातच आपोआप तयार होतात, काहाल यांनी दाखवलं की नाही, ते मागच्या टोकातूनच फुटतात. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, फुटलेले तंतू भरकटत भरकटत शेवटी पुढच्या तुटक्या भागाकडेच ओढले जातात. त्यावरून त्यांचं म्हणणं होतं की तिथल्या श्वान पेशी, म्हणजे तंतूंभोवती गुंडाळलेल्या पेशी, काहीतरी रसायन सोडत असणार. तो पदार्थ हातात यायला अजून चाळीस वर्षं होती, पण दिशा बरोबर होती.

मधल्या काळात मात्र ही कल्पना बाजूला पडली. अमेरिकेत पॉल वाइस या शास्त्रज्ञाचं वजन मोठं होतं आणि त्यांचं म्हणणं की तंतू रसायनामागे जात नाहीत, फक्त ज्या पृष्ठभागावर टेकतात त्याच्या रेषेने सरकतात. १९४४ मध्ये त्यांनी टेलर यांच्यासोबत दोन फांद्यांच्या नळीत तंतू सोडून बघितले, एका फांदीत नर्व्हचा तुकडा आणि दुसरीत दुसरं काहीतरी, आणि निष्कर्ष काढला की ओढ वगैरे काही दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ, हॉस्पिटलं गोळी लागलेल्या हातापायांनी भरलेली, ऑक्सफर्डमध्ये सेडन यांनी १९४३ मध्ये नर्व्हच्या इजांचे तीन प्रकार पाडले जे आजही ऑर्थोपेडिकवाले वापरतात. सर्जरी पुढे गेली, रसायनाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला तो अगदी वेगळ्याच वाटेने. इटलीत १९३८ मध्ये ज्यूंविरोधी कायदे आले आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरला युनिव्हर्सिटीत काम करता येईना, तर तिने तुरीन शहरात घरी बेडरूममध्येच लॅब थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग करत राहिली, बाहेर युद्ध चालू असताना. तिचं ते काम वाचून सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी तिला बोलावलं, १९४७ मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी एल्मर ब्यूकर यांनी उंदराचा एक ट्यूमर कोंबडीच्या भ्रूणात लावला तर त्यात नर्व्हचे तंतू घुसलेले दिसले होते, रीताने तोच प्रयोग पुन्हा करून बघितला आणि तिच्या लक्षात आलं की ट्यूमर काहीतरी सोडतोय जे रक्तातून लांबवर जातंय. १९५२ मध्ये ती ट्यूमरवाले उंदीर घेऊन विमानाने रिओ दि जनेरोला गेली, कारण तिथे हेर्टा मायर यांच्याकडे पेशी काचेत वाढवायची चांगली सोय होती. तिथे ट्यूमरचा तुकडा आणि नर्व्ह पेशींचा गोळा जवळजवळ ठेवला आणि एका दिवसात त्या गोळ्यातून चारी बाजूंनी सूर्याच्या किरणांसारखे तंतू फुटले. काहाल जे म्हणत होते ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

१९५३ मध्ये बायोकेमिस्ट स्टॅनली कोहेन तिच्यासोबत आले. ट्यूमरमधला पदार्थ प्रोटीन आहे की न्यूक्लिक अ‍ॅसिड हे तपासायला त्यांनी सापाचं विष वापरलं, कारण विषातलं एन्झाइम न्यूक्लिक अ‍ॅसिड तोडतं. अपेक्षा होती की परिणाम कमी होईल किंवा तसाच राहील, झालं उलटं, तंतू भरमसाट वाढले, कारण विषातच तो पदार्थ ट्यूमरपेक्षा कितीतरी जास्त होता. मग कोहेन यांनी विचार केला की सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीच, तर उंदराची लाळग्रंथी बघू, आणि नर उंदरांच्या लाळग्रंथीत तो खजिना सापडला. हेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी नवजात उंदरांना दिली तर त्यांच्या सिम्पथेटिक, म्हणजे हृदय-रक्तवाहिन्यांची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या, नर्व्ह पेशी जवळजवळ नाहीशाच झाल्या, म्हणजे हा सिग्नल नुसता वाढीसाठी नाही, जगण्यासाठीच लागतो. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रीता १०३ वर्षं जगल्या.

१९७४ मध्ये हेंड्री, थोएनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एनजीएफ तंतूच्या टोकाला उचललं जातं आणि उलट दिशेने पेशीच्या शरीरापर्यंत नेलं जातं. हे महत्त्वाचं अशासाठी की मग इजेचा अर्थ बदलतो, तंतू तुटला म्हणजे फक्त वायर तुटली असं नाही, टोकाकडून पेशीला येणारी खबरच थांबली. पण एनजीएफ संवेदनेच्या आणि सिम्पथेटिक पेशींवर काम करतं, स्नायू हलवणाऱ्या मोटर पेशींवर नाही. पुढे १९८२ मध्ये बार्ड आणि थोएनन यांच्या ग्रुपने डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ हे पेशी जगवणारं दुसरं प्रोटीन वेगळं केलं, १९९३ मध्ये तशाच कामाचं जीडीएनएफ आलं, आणि हे दोन्ही मोटर पेशींनाही जगवतात असं नंतर दिसलं.

त्याच १९८२ च्या सुमाराला स्वीडनच्या योरान लुंडबोर्ग यांनी उंदराच्या मांडीतली नर्व्ह कापून दोन टोकांमध्ये सिलिकॉनची नळी बसवली. १० मिलिमीटरची फट तंतूंनी भरून काढली, पण नळीच्या पलीकडे नर्व्हचं दुसरं टोक नसेल तर वाढ अगदीच कमी. नळीत साचलेलं पाणी काढून तपासलं तर त्यात नर्व्ह पेशी जगवणारे पदार्थ होते. वाइस यांच्या निष्कर्षाला यानंतर फार कोणी धरून राहिलं नाही.

आणि १९८७ मध्ये वेळेचा मुद्दा समोर आला. नर्व्ह कापल्यावर पुढच्या भागात एनजीएफ काही तासांत वाढतं, मग खाली येतं, आणि दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी आत शिरल्या की परत वाढतं, कारण त्या पेशी इंटरल्युकिन-१ नावाचं सिग्नल प्रोटीन सोडतात आणि ते एनजीएफ बनवायला लावतं. म्हणजे सूज, जिला आपण नुसता त्रास समजतो, ती दुरुस्तीचाच भाग आहे.

आता वॉलर यांच्याकडे परत. १९८९ मध्ये ऑक्सफर्डला एक विचित्र उंदीर सापडला, त्याची कापलेली नर्व्ह दीड-दोन दिवसांत मरायच्या ऐवजी दोन-तीन आठवडे टिकायची. पोषण तुटूनही. म्हणजे तंतू उपासमारीने मरत नाही, त्याच्या आत मरायची एक ठरलेली यंत्रणा असते. २०१२ मध्ये त्यातलं मुख्य प्रोटीन सापडलं, सार्म-१, आणि २०१७ मध्ये कळलं की ते स्वतःच एन्झाइम आहे आणि तंतूतलं एनएडी, म्हणजे ऊर्जा तयार करायला लागणारा रेणू, संपवून टाकतं. हे २०१७ चं काम सेंट लुइसच्या त्याच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतलं. पण त्या उंदरात तंतू टिकतो म्हणून दुरुस्ती लवकर होते का, तर नाही, उशिरा होते, कारण जुनं साफ झाल्याशिवाय नवीन पुढे जात नाही.

श्वान पेशींचं कामही आता बरंच उलगडलंय. २०१२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जेसेन आणि मर्स्की यांच्या ग्रुपने दाखवलं की इजा झाल्यावर या पेशी मायलिन, म्हणजे तंतूवरचं चरबीचं आवरण, बनवायचं सोडून दुरुस्तीच्या अवतारात जातात आणि त्याचं बटण म्हणजे सी-जून हे प्रोटीन. ते नसेल तर तंतूंना वाट मिळत नाही, संवेदनेच्या कित्येक पेशी मरतात. आणि तंतू यायला फार उशीर झाला तर सी-जून हळूहळू उतरतं, श्वान पेशी थकतात. पुढे तंतू पोचल्यावर परत मायलिन चढवायला न्युरेग्युलिनचा सिग्नल लागतो, जो श्वान पेशीवरच्या एर्ब-बी रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला, जाऊन चिकटतो. आपल्याकडे हे फार जवळचं आहे, कारण कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीतच राहतो आणि २००६ मध्ये असं दिसलं की तो याच एर्ब-बी-२ रिसेप्टरला जाऊन चिकटतो आणि मायलिन उतरवायला लावतो. जगातले निम्म्याहून जास्त नवीन कुष्ठरुग्ण दरवर्षी भारतात सापडतात, वरोऱ्याच्या आनंदवनात ज्या हातापायांची बोटं झडलेली लोकांनी पाहिली त्याच्या मुळाशी हीच बधिर झालेली नर्व्ह आहे.

मग सरळ इंजेक्शन का देत नाहीत? दिलं. डायबेटिसमुळे नर्व्ह खराब झालेल्या १०१९ पेशंटवर एनजीएफची मोठी ट्रायल झाली, २००० मध्ये निकाल आला, उपयोग नाही, आणि इंजेक्शनच्या जागी दुखणं, कारण एनजीएफ वेदनेचाही सिग्नल आहे. जीडीएनएफ प्राण्यांमध्ये एका जागी जास्त सोडलं तर तंतू तिथेच गुंतून बसतात, पुढे जातच नाहीत. जिथे जमलं ते डोळ्यात, कॉर्नियाच्या नर्व्ह बिघडल्यावर द्यायचे एनजीएफचे थेंब २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, कारण तिथे औषध नेमक्या जागी आणि थोड्या मात्रेत देता येतं.

माझ्या मते सध्या सगळ्यात आशेचं काम कॅनडाच्या टेसा गॉर्डन यांचं आहे, ऑपरेशनच्या वेळी नर्व्हला फक्त १ तास सेकंदाला २० वेळा हलका करंट द्यायचा. उंदरांमध्ये त्याने पेशीतलं बीडीएनएफ आणि त्याचा रिसेप्टर दोन्ही वाढले आणि जे काम ८-१० आठवड्यांत व्हायचं ते ३-४ आठवड्यांत झालं, २०१० मध्ये कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात नर्व्ह दबलेल्या, पेशंटवरही फायदा दिसला. बाहेरून प्रोटीन ओतायच्या ऐवजी पेशीलाच ते बनवायला लावायचं.

आणि याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की खांद्याच्या ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, इजा असेल आणि हात हलत नसेल तर "येईल आपोआप" म्हणत वर्षभर मालिश करत बसू नका. सुधारणा दिसत नसेल तर सर्जन साधारण ३ ते ६ महिन्यांत ऑपरेशन करायला बघतात, वर्ष-दीड वर्षानंतर स्नायू नवीन तंतू स्वीकारायच्या स्थितीत फारसा राहत नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच नर्व्हचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा, ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नर्व्हची विद्युत तपासणी, करून घ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका.