माइटची उपासमार

माइट हे अष्टपाद वर्गातले अतिसूक्ष्म प्राणी. विंचू आणि जाळे विणणारा कोळी हे त्यांचे दूरचे नातलग, तर गोचीड अगदी जवळची. पिकावरच्या माइटना शेतकरी सरसकट ‘कोळी’ म्हणतात. अन्न तुटले की या जिवांचे पोट आक्रसते, रंग उडतो, अंडी थांबतात. काही जातींत तर शरीराची घडणच बदलते. नागपूर परिसरात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला नागपुरी संत्रा इथला, त्यावर पोसणारे कोळी इथले, आणि पारा ४५ अंशांपलीकडे नेणारा कोरडा उन्हाळाही इथलाच. या कोरड्या हवेचा संबंध उपासमारीशी थेट आहे, कारण माइटची भूक तिच्या तहानेपासून वेगळी काढता येत नाही.

भूक आणि तहान : ठिपकेवाल्या लाल कोळ्याची (टेट्रानिकस अर्टिसी) पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. एवढ्या लहान देहात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने उडून जाते. पानाच्या पेशीत सुईसारखे मुखावयव खुपसून ती जो रस ओढते, तेच तिचे अन्न आणि तेच तिचे पाणी. रस थांबला की दोन्ही एकदम थांबतात. कोरड्या हवेत असा कोळी बहुधा साठवलेली चरबी संपण्याआधीच वाळून मरतो. कोळ्यांवर जगणाऱ्या भक्षक माइटला भक्ष्य न देता नुसते पाणी दिले, तरी ती पाण्यावाचून ठेवलेल्या माइटपेक्षा बरीच जास्त जगते. एवढ्या साध्या प्रयोगातून या प्राण्याच्या उपवासाचे मर्म कळते.

दिसणारे बदल : दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन वांग्याचे किंवा वालाचे कोळी लागलेले पान उलटे करून पाहावे. पोट भरलेल्या मादीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना काळपट ठिपके दिसतात. ते कातडीवरचे नसतात. पारदर्शक अंगातून आतड्यातले अन्नच दिसत असते. उपाशी राहिल्यावर हे ठिपके फिके होत जातात, अंग काचेसारखे पारदर्शक दिसू लागते, कुशी आत जातात आणि पाठीवर सुरकुत्या पडतात. भक्षक माइटमध्ये फरक आणखी ठळक असतो. पोटभर खाल्लेली मादी टपोरी, चकचकीत असते आणि भक्ष्याचा रंग तिच्या पाठीतून डोकावतो. उपाशी मादी चपटी आणि फिकट पडते. कोंबड्यांच्या खुराड्यात फटींमध्ये लपणारी लाल माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) तर रक्त प्यायल्यावरच लाल दिसते, एरवी ती राखाडी-पांढुरकी असते. केवळ लाल माइट शोधत बसणारा कोंबडीपालक म्हणूनच फसतो. भुकेली माइट त्याच्या नजरेतून सुटते.

शरीराच्या आत : आतड्याच्या अस्तरातील पेशी अन्न पचवतात आणि ग्लायकोजेन (शर्करेचे साठवणीचे रूप) व चरबीच्या रूपाने साठवूनही ठेवतात. उपवास लांबला की आधी हा साठा वापरला जातो. मग पेशी स्वतःचेच घटक मोडून ऊर्जा मिळवतात. अस्तर पातळ होते, पेशींमध्ये पोकळ्या दिसू लागतात. नायट्रोजनयुक्त मळ ग्वानिन या पदार्थाच्या पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याला पाणी फारसे लागत नाही, म्हणून एवढ्या तंगीतही ओलावा टिकवता येतो.

सगळ्यात आधी कात्री लागते ती अंड्यांना. भक्षक मादीचे एक अंडे म्हणजे तिच्या देहाच्या मानाने फार मोठी गुंतवणूक. भक्ष्य संपले की अंडी घालणे लवकरच थांबते, आणि काही जातींची मादी पोटात तयार असलेले अंडेही रोखून धरते.

हालचाल आणि पवित्रा : भुकेची पहिली चाहूल लागताच माइट स्वस्थ बसत नाही, ती फिरू लागते. झाडाचा रस संपत आला की ठिपकेवाले कोळी शेंड्याकडे चढतात, पुढचे पाय वर उचलून उभे राहतात आणि वाऱ्यावर स्वार होतात. गर्दी फार झाली तर शेंड्यावर रेशमी धाग्यांनी बांधलेले कोळ्यांचे गोळेच लोंबतात. संत्र्याच्या फळाला तपकिरी-लालसर करणारा, बागाईतदार ज्याला ‘लाल्या’ म्हणतात त्या विकृतीमागचा सूक्ष्म कोळी (फायलोकॉप्ट्रुटा ओलिव्होरा) याहून कितीतरी लहान. त्याला पाय चारच. या कुळातले कोळी शेपटीच्या टोकावर ताठ उभे राहून वाऱ्याची वाट पाहतात, आणि जिवंत हिरव्या झाडावाचून त्यांना फार काळ जगता येत नाही.

रूपांतर : धान्य, कंदमुळे आणि कुजक्या पदार्थांवर राहणाऱ्या काही माइटमध्ये सर्वांत विलक्षण बदल दिसतो. अन्न निकृष्ट झाले किंवा गर्दी वाढली, की पिल्लावस्थेतच एक वेगळे रूप घेतले जाते. याला तोंड जवळजवळ नसते, ते खात नाही. अंग कडक आणि चपटे असते, पोटाखाली चूषके असतात. त्यांनी एखाद्या कीटकाला चिकटून ते नव्या ठिकाणी जाते आणि तिथे अन्न मिळाल्यावर कात टाकून पुन्हा खाणारी माइट होते. भुकेला तोंड द्यायला तोंडच टाकून देणारा हा उपाय प्राणिसृष्टीत दुर्मीळच म्हणावा.

किती काळ : जातीजातीत प्रचंड तफावत आहे. खरजेची माइट माणसाच्या कातडीबाहेर साधारण दोन-तीन दिवसच तग धरते. खुराड्यातली लाल माइट मात्र अनुकूल हवेत आठ महिन्यांपर्यंत उपाशी राहू शकते, त्यामुळे शेड महिनाभर रिकामी ठेवून ती संपत नाही. गोचिडींची मजल याहून पुढची. ‘अर्गास ब्रम्प्टी’ या आफ्रिकी जातीच्या माद्या प्रयोगशाळेत आठ वर्षे अन्नाविना जगल्याची नोंद आहे. अतिमंद चयापचय आणि पाणी न सोडणारी कातडी यांच्या जोरावर हे साधते.

घरातली माइट : गादीतल्या घरधूळ माइटला अन्न कमी पडत नाही, माणसाच्या कातडीचे कोंडेच तिचे खाणे. तिला कमतरता पडते ती ओलाव्याची. पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतला क्षारयुक्त द्रव हवेतली वाफ शोषतो आणि तो तोंडाकडे वाहत जातो. आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांखाली गेली की हे जमत नाही, क्षार साकळतात, ग्रंथीचे तोंड बंद होते आणि खाणे मंदावते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ही हवा तिला मारक आहे. पण दिवसातून काही तास दमट हवा मिळाली तरी ती सावरते, आणि बंद खोलीत चालणारा कूलर नेमका तोच ओलावा पुरवतो. गाद्या गच्चीवर उन्हात टाकायची इथली जुनी रीत म्हणून फार मोलाची आहे. मात्र मेलेल्या माइटची विष्ठा आणि अवशेषही दम्याला चिथावतात, तेव्हा उन्हानंतर गादी झटकायलाच हवी, आणि तीही घराबाहेर.

संत्र्याच्या बागेत : काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात बहार (फुलोरा) धरण्यासाठी झाडांना पाण्याचा ताण देतात, आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात. सौम्य ताणातले पान कोळ्यांना कधीकधी अधिक मानवते, तीव्र ताणातले पान मात्र त्यांना उपाशी ठेवते. १९८५ पासून नागपुरात अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यामुळे बागाईतदाराला किडीबद्दल विचारायला फार लांब जावे लागत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. तीव्र कीटकनाशकाने कोळ्यांबरोबर भक्षक माइटही मरतात, आणि वाचलेल्यांचे भक्ष्य नाहीसे झाल्याने त्या भुकेने जातात. अनेक भक्षक जाती परागांवरही तग धरतात. प्रयोगशाळांत त्यांना एरंडाचे पराग खाऊ घालतात. धुऱ्यावर एरंडाची चार झाडे आणि थोडे फुलणारे तण राहू दिले, तर कोळी नसलेल्या महिन्यांतही त्यांना खायला मिळते.