एग वॉश

पाव, ब्रिऑश, क्रोसाँ, पाय किंवा डॅनिश पेस्ट्री भट्टीत जाण्यापूर्वी तिच्यावर फेटलेल्या अंड्याचा जो पातळ हात फिरवला जातो, त्याला बेकरीच्या व्यवहारात एग वॉश म्हणतात. फ्रेंच पेस्ट्रीकामात या लेपाला ‘दोर्‍यूर’, म्हणजे सोन्याचा मुलामा, असे नाव आहे. नाव समर्पक असले तरी त्यातून लेपाचे अर्धेच काम कळते. कारण रंग आणि चकाकी देणारे अंडे तितक्याच जोराने चिकटवतेही, आणि हा लेप कसा, कुठे व केव्हा लावायचा यासंबंधीचे बहुतेक नियम या चिकटपणातूनच निघालेले आहेत.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिने असतात. स्निग्धांश जवळजवळ नसतो. पिवळ्या बलकात पाणी सुमारे निम्मेच असून प्रथिनांहून स्निग्ध पदार्थ अधिक असतात. भट्टीत साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ही प्रथिने गोठतात, पाणी उडून जाते आणि पिठाच्या खडबडीत पृष्ठभागावर एक सलग, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. प्रकाश त्यावरून एकसारखा परावर्तित होतो, तीच पावावर दिसणारी झिलई. तापमान सुमारे १४० अंशांच्या पुढे गेले की प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील अभिक्रिया वेग घेते व खरपूस तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माय्यार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. अल्कधर्मी माध्यमात ती अधिक सहज घडते. अंडे जुने होत जाते तसा कार्बन डायऑक्साइड कवचातून बाहेर पडून पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

लेपात काय मिसळले यावर रंग ठरतो. कवचाविना सुमारे ५० ग्रॅम भरणाऱ्या एका अंड्यात एक मोठा चमचा पाणी घातले तर लेप पातळ होतो आणि चकाकी स्वच्छ येते. पाण्याऐवजी दूध घातले तर दुधातील लॅक्टोज ही साखर व प्रथिने यांमुळे रंग किंचित गडद आणि चमक थोडी मंद होते. नुसता बलक आणि क्रीम यांनी सर्वांत गडद, तांबूस सोनेरी छटा येते, तर नुसत्या पांढऱ्या भागाने चमक येते पण रंग फिकट राहतो. चिमूटभर मीठ घालून मिश्रण थोडा वेळ ठेवल्यास प्रथिनांची घट्ट वीण सैल होऊन ते पाण्यासारखे प्रवाही होते. मिश्रण गाळून घेणे मात्र कधीच टाळू नये. बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पांढरे पीळदार धागे कितीही फेटले तरी पुरते मोडत नाहीत, आणि असा एक धागा ब्रशाबरोबर पावावर गेला की भाजल्यावर तेथे शिजलेल्या अंड्याचा ठिपका उमटतो.

चिकटपणाचा प्रश्न पदर सुटणाऱ्या पदार्थांत सर्वांत तीव्र असतो. क्रोसाँच्या कापलेल्या बाजूला पीठ आणि लोणी यांचे थर पानांच्या कडांसारखे उघडे दिसतात. लेप तेथे ओघळला तर गोठून ते एकमेकांना जखडतो आणि नेमका त्याच बाजूला क्रोसाँ फुलत नाही. म्हणून ब्रश निथळून घ्यावा लागतो आणि थरांच्या दिशेने, कडांपासून दूर ओढावा लागतो. फ्रान्समध्ये ६ जानेवारीच्या सणाला केल्या जाणाऱ्या गालेत द रुआ या बदामाचे सारण भरलेल्या पेस्ट्रीत हे कौशल्य पणाला लागते: वरच्या चकतीवर लेप लावून ती थंड जागी सुकू देतात, दुसरा हात देतात, मग सुरीच्या टोकाने नक्षी कोरतात, बाजूच्या उभ्या कडेला अंडे अजिबात लागू देत नाहीत. लेपाचा जाड थर दिल्यासही नुकसान होते, कारण आतले पीठ फुगताना गोठलेला पापुद्रा ताणला जाऊन फाटतो आणि मधे फिकट भेगा दिसतात. साचा किंवा ट्रेवर सांडलेले अंडे पावाला तळाशी धरून ठेवते, तेही याच कारणाने.

हाच गुण योग्य जागी उपयोगी पडतो. तीळ व खसखस पावावर टिकतात ते अंड्यामुळेच. मराठी घरांत करंजीच्या कडांना जसे दुधाचे बोट लावतात, तसे युरोप व लॅटिन अमेरिकेत सारण भरलेल्या पेस्ट्रीच्या कडा अंड्याने जोडतात. ज्यू लोकांच्या शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, हाल्ला पावाला बहुधा दोन हात देतात, तर ग्रीसमध्ये ईस्टरच्या त्सुरेकी या गोड पावावर आणि दक्षिण चीनच्या मूनकेकवरही अंडे लावले जाते.

भारतात या लेपाचा संबंध लेबलाशीही येतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार अंडे मांसाहारी घटकांत मोडते. त्यामुळे पिठात अंडे नसले तरी केवळ वरून लावलेल्या लेपामुळे वेष्टनबंद खारी किंवा पफ हिरव्या चिन्हाखाली विकता येत नाही. अंडे हाच एकमेव मांसाहारी घटक असेल तर उत्पादक तसे मांसाहाराच्या चिन्हासोबत नमूद करू शकतो. सुटा माल विकणाऱ्या बेकरीत ग्राहकाला हे विचारून घ्यावे लागते, आणि विक्रेत्याने ते आपणहून सांगणे हीच योग्य रीत होय. अंड्याऐवजी दूध लावल्यास रंग चांगला येतो पण चकाकी कमी पडते. वितळलेल्या लोण्याने कवच मऊ राहते. भट्टीतून काढल्यावर साखरेचा पाक लावल्यास चमक येते पण बोटांना चिकटते. कॉर्नफ्लॉवर पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज अंड्याच्या झिलईच्या त्यातल्या त्यात जवळ जाते. ‘बागेत’ या साध्या, लांबट फ्रेंच पावाला मात्र यांपैकी कशाचीच गरज लागत नाही, कारण भट्टीतील वाफेने त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च स्वतःच शिजून चकाकतो.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो, म्हणून उरलेला लेप दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाहीत, आणि ब्रश केसांच्या मुळापर्यंत गरम पाण्याने व साबणाने धुऊन पूर्ण वाळवतात.