डबा नसलेला कंटेनर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे काय, तर टेबलाखाली, जॅकार्डच्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलेला एक साधा कॉम्प्युटर. त्याच्यावर बिलिंग, डेटाबेस, वेबसाइट आणि बॅकअप असे चार कंटेनर चालतात. "म्हणजे चार कॉम्प्युटर घेतल्यासारखंच की!" मालक म्हणाले. तसं नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्यात प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, तिचा गाभा म्हणजे कर्नलही वेगळा. कंटेनरमध्ये कर्नल एकच, सगळ्यांचा मिळून. खरं तर कंटेनर नावाचा डबा नसतोच. असते ती साधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, फक्त तिला आजूबाजूचं दिसू दिलेलं नसतं. आत शिरून यादी मागितली तर बिलिंगचा प्रोग्रॅम स्वतःला प्रोसेस क्रमांक १ समजतो. बाहेरून पाहिलं तर त्याचाच क्रमांक पाच आकडी. ही आडपडद्याची सोय म्हणजे नेमस्पेस. कल्पना जुनी आहे: १९७९ च्या युनिक्समधलं 'सीएचरूट', २००० मधले फ्रीबीएसडीचे 'जेल', आणि २०१३ मध्ये कंटेनर बनवून चालवणारं डॉकर हे सॉफ्टवेअर आल्यावर ती घरोघरी पोचली.

पडद्याने दिसणं थांबतं, खाणं थांबत नाही. वाड्यात हौद एक आणि बिऱ्हाडं चार असली, की एकाने हौद उपसल्यावर काय होतं हे नळाची वाट बघणाऱ्या सोलापूरकराला सांगायला नको. त्यासाठी लिनक्समध्ये २००८ च्या जानेवारीत सीग्रुप आले: कोणाला किती मेमरी, किती प्रोसेसर, ते बांधून द्यायचं. मेमरीची मर्यादा ओलांडली की कर्नल प्रोग्रॅम मारून टाकतो आणि मागे १३७ हा आकडा दिसतो. १२८ अधिक ९. नऊ हा 'ठार कर' या सिग्नलचा क्रमांक.

खरी गंमत नेटवर्कची. नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये काहीच नसतं, फक्त स्वतःशी बोलायचा लूपबॅक, तोही बंद. मग दोन टोकांची एक आभासी वायर तयार होते. एक टोक कंटेनरच्या आत, दुसरं बाहेर एका आभासी स्विचला, म्हणजे ब्रिजला. डॉकर त्या ब्रिजला सहसा १७२.१७.०.१ हा पत्ता देतो. आतून बाहेर जाणारं डेटाचं पाकीट कॉम्प्युटरचाच पत्ता लावून जातं. बाहेरून आत यायचं तर पोर्ट, म्हणजे पत्त्यावरचं क्रमांकाचं दार, जोडून द्यावा लागतो, जसा बाहेरचा ८०८० आतल्या ८० ला.

डॉकर टाकला त्याच दिवशी गोदामातला लेबल प्रिंटर गायब झाला. केबल तपासली, प्रिंटर बंद-चालू केला, तासभर गेला. मग पिंगच्या, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणाऱ्या आज्ञेच्या, उत्तराकडे नीट पाहिलं: 'पोचता येत नाही' असं सांगणारा पत्ता होता १७२.१७.०.१. राउटर नव्हे, माझाच ब्रिज! गोदामाचं नेटवर्क राउटरपलीकडे, पण कोणीतरी पूर्वी तिथे १७२.१७ नेच सुरू होणारे पत्ते दिलेले. कॉम्प्युटरला वाटलं, हे तर घरातलेच, बाहेर कशाला पाठवू? सेटिंगच्या फाइलमध्ये ब्रिजला १०.२००.०.१ पत्ता दिला, डॉकर पुन्हा सुरू केला, आणि प्रिंटरने लेबल ओकायला सुरुवात केली.

दुसरी ठेच प्रत्येकालाच लागते. बिलिंग डेटाबेसला १२७.०.०.१ वर शोधत होतं. पण तो पत्ता म्हणजे 'मी स्वतः', आणि प्रत्येक कंटेनरचा 'मी' वेगळा. उपाय सोपा: स्वतःचं नेटवर्क तयार करायचं आणि दोघांना त्यात बसवायचं. मग पत्त्याऐवजी नावाने हाक मारता येते. डॉकरच्या आपोआप मिळणाऱ्या ब्रिजवर ही नावाची सोय नाही, हे मात्र मला विचित्रच वाटतं.

फायरवॉलचं तर बोलायलाच नको. उबुंटूच्या यूएफडब्ल्यूमध्ये डेटाबेसचा पोर्ट बंद आहे म्हणून मी निर्धास्त होतो. डॉकर पोर्ट उघडताना आपले नियम स्वतः लिहितो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. ऑफिसच्या वायफायवरून सहज मोबाइलने तपासलं, तर पोर्ट सताड उघडा. आता डेटाबेसचा पोर्ट मी बाहेर काढतच नाही. बिलिंग त्याला आतल्या आत नावाने गाठतं.